‘छान आहे’च्या पुढचं चित्र

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सातपूरला एका कंपनीत हिशेबाचं काम करता. शाळेत इंटरमिजिएटपर्यंत परीक्षा दिल्या, पुढे चित्रकलेच्या कॉलेजात जाता आलं नाही. गेली काही वर्षं रात्री आणि सुटीच्या दिवशी व्हिडिओ पाहून जलरंग आणि ॲक्रिलिक शिकताय. चार चित्रांचे फोटो पाठवलेत: रामकुंडावरची सकाळ, जुन्या नाशकातला तुमच्या आजोळचा वाडा, दिंडोरीकडची द्राक्षबाग आणि आजीचं व्यक्तिचित्र. लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. फक्त वाड्याचं चित्र पाहून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचा प्रश्न असा की बघणाऱ्याच्या मनात काही हलतं ते कशाने, आणि कॉलेज न झाल्यामुळे आपलं काही राहून गेलंय का?

दुसरा प्रश्न आधी घेते. राहून गेलंय, पण तंत्र नव्हे. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कसा द्यायचा, ओल्या कागदावर रंग कसा सोडायचा, कोरड्या ब्रशने दगडाचा पोत कसा आणायचा, हे आज व्हिडिओत वर्गातल्या प्रात्यक्षिकापेक्षा जवळून दिसतं. तुमच्या द्राक्षबागेच्या पानांत ते उतरलंही आहे. राहून जातात त्या वेगळ्या गोष्टी. एकाच मडक्यासमोर आठवडाभर बसायची सक्ती. वर्गातल्या सगळ्यांनी काढलेलं तेच मडकं भिंतीवर एका रांगेत लावून पाहणं. आणि पाठीमागे उभं राहून ‘ही सावली तुला दिसतेय, की ती तिथे असते हे तुला माहीत आहे म्हणून काढलीस?’ असं विचारणारं कोणीतरी. या तिसऱ्या गोष्टीची किंमत सर्वांत जास्त. वा. गो. कुलकर्णींनी नाशिक कलानिकेतन उभं केलं तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी हातांना ती नजर मिळाली. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे गोदाघाट हाच एक उघडा वर्ग होऊन बसला. म्हणजे ज्याच्याकडे प्रवेशपत्र नाही त्याच्यासाठीही नाशकात सोय आहे, फक्त ती घरात बसून मिळत नाही.

‘स्वतः शिकलेला’ चित्रकार म्हणजे कोणाकडून काहीच न शिकलेला, असा समज आपल्याकडे फार आहे. व्हॅन गॉगचं उदाहरण सगळे देतात, पण त्याच्या वेडाचं आणि दारिद्र्याचं देतात. मला त्याची शिस्त जास्त मोलाची वाटते. १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं आणि चार्ल्स बार्गच्या रेखांकनाच्या पाठांवरून पुन्हा पुन्हा प्रती काढल्या. मिले या फ्रेंच चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रं उतरवली. चौकटीत दोऱ्या ताणून त्यातून दृश्य पाहत यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) घोटलं. १८८५ सालचं ‘बटाटे खाणारे’ हे चित्र करण्याआधीच्या हिवाळ्यात त्याने शेतकरी बायाबापड्यांचे ४०च्या आसपास चेहरे रंगवले होते. त्याला कॉलेज फारसं मिळालं नाही असं म्हणता येईल, अभ्यास मिळाला नाही असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं. औपचारिक शिक्षण नाही. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत ते घडले. पडदा म्हणजे क्रूर परीक्षक. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिव्यांच्या उजेडात तो महाल महाल वाटला पाहिजे, जवळून कितीही नक्षी काढलीत तरी तिचा उपयोग नाही. जिव्या सोमा मशे डहाणूकडच्या वारली वस्तीत लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांचं पाहून शिकले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या कागदावरच्या रेषेला शिस्त लागली ती गेरूने सारवलेल्या भिंतीची, जिथे तांदळाच्या पिठाचा ठिपका एकदा पडला की पुसता येत नाही. आणि रवींद्रनाथ ठाकूर तर साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून प्राणी, चेहरे उगवू लागले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं.

ही माणसं एकमेकांपासून इतकी दूरची आहेत की त्यांची एक रीत सांगता येत नाही. पण प्रत्येकाच्या समोर त्याला अडवणारं काहीतरी होतं. बार्गचे पाठ, शेवटची रांग, न पुसता येणारा ठिपका, आपलीच खोडलेली ओळ. व्हिडिओ तुम्हाला कुठेच अडवत नाही. तो बोट धरून शेवटपर्यंत नेतो, आणि कुठला रंग, कुठली जागा, किती गडद हे सगळं दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुम्ही जे करता ते सुबक होतं, पण त्यात तुमचा निर्णय कुठेच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: चित्रकार जिथे अडतो आणि ठरवतो, तिथेच बघणारा थांबतो. तुमचे दोन प्रश्न मला म्हणूनच एक वाटतात.

आता चित्रांकडे येते. रामकुंडाच्या चित्रात मेहनत खूप आहे. पायऱ्या, छत्र्या, वाळत घातलेले कपडे, कबुतरं, झेंडे, मागची शिखरं, सगळं आहे आणि सगळं सारख्याच निगुतीने काढलेलं आहे. बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं झालंय. डोळा एका जागेवर टेकतो न टेकतो तोच दुसरी जागा त्याला बोलावते.

आणि ते फोटोवरून केलंय हे कळतं. कशावरून, ते सांगते, कारण हे ओळखता यायला लागलं की तुमचं अर्धं काम होईल. पंचवटी नदीच्या पूर्वेच्या अंगाला आहे. जुन्या नाशकाच्या काठावर सकाळी सातला उभं राहिलं तर ऊन पंचवटीच्या मागून येतं. देवळांची आपल्याकडची बाजू सावलीत असते, शिखरांच्या कडा तेवढ्या उजळतात, पाणी चकाकतं आणि डोळे आपोआप बारीक होतात. त्या वेळी दगडांतले सांधे दिसत नाहीत, दिसतो तो एक मोठा करडा-निळा आकार. मोबाईलचा कॅमेरा काय करतो? वेगवेगळ्या उजेडात टिपलेलं जोडून सावल्या उजळवतो आणि आकाशही फिकं पडू देत नाही. मग सावलीतला प्रत्येक दगड मोजता येतो, वर आकाशही निळंशार राहतं. तुमच्या चित्रात अगदी हेच आलंय. सकाळी तिथे तुमचे डोळे दिपले असणार. तेच नेमकं फोनने पुसून टाकलं, आणि बघणाऱ्याला ते परत द्यायला तुमच्याकडे काही उरलं नाही.

यावर उपाय घाटावरच आहे. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. रंग दोनच, अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना. या दोघांच्या मिश्रणातून ऊबदार करड्यापासून थंड, जवळजवळ काळ्या छटेपर्यंत सगळं मिळतं. ट्यूबमधला काळा घरी ठेवा. आपल्या घाटाचा दगड काळा म्हणतात तो बेसॉल्ट. उन्हात तो तांबूस करडा होतो, सावलीत पाण्यावरून परतलेल्या उजेडाने जांभळट दिसतो, भिजला की खोल जातो. तयार काळ्याने हे सगळं एकाच झटक्यात मरतं. फक्त तीन पायऱ्यांत चित्र बांधा: उजेड म्हणजे कोरा कागद, मधली छटा, आणि गडद. वीसेक मिनिटांत थांबा, कारण तोवर ऊन सरकलेलं असतं आणि पुढे तुम्ही आठवणीतलं काढायला लागता. लोक मागे उभे राहतील, मुलं प्रश्न विचारतील, त्याची सवय होते. एप्रिल-मे महिन्यांत नाशकाच्या कोरड्या हवेत वॉश मधेच वाळून कडा पडतात, तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या. श्रावणात उलट, तासभर काही वाळत नाही. त्या दिवसांत मऊ कडांचे विषय निवडा, पावसातलं पलीकडचं तीर तसंच दिसतं.

भाव आणि छटा यांचा संबंध किती थेट आहे याचं एक उदाहरण देते. फ्रेंच चित्रकार मोनेचं १८७२ सालचं सूर्योदयाचं चित्र सगळ्यांना माहीत आहे. धुक्यातलं बंदर आणि नारिंगी सूर्य. हार्वर्डच्या मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवून दिलं की त्या सूर्याचा उजेडपणा भोवतीच्या आकाशाएवढाच आहे. चित्र कृष्णधवल केलं की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. मेंदूत रंग ओळखणारी यंत्रणा आणि उजेड-अंधार, जागा, हालचाल पाहणारी यंत्रणा निरनिराळ्या. एकीला सूर्य दिसतो, दुसरीला दिसत नाही, म्हणून तो जागेवर ठरत नाही, लुकलुकतो असं वाटतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला फक्त पहाट जिवंत वाटते. तुम्ही तुमची चारही चित्रं फोनवर कृष्णधवल करून पाहा. रामकुंड सगळं एकसारखं करडं दिसेल. आजीचं चित्र मात्र टिकेल, त्याकडे पुढे येते.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखलं जातं आणि कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. १९४५-४६च्या सुमाराचं, स्वतःच्या मुलीला समोर उभी करून केलेलं. लोक त्यापुढे उभे राहून दिवा खरंच पेटलाय का असं विचारतात. ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे, हे कळल्यावर चित्रकारांनाही क्षणभर विश्वास बसत नाही. जलरंगात पांढरा उजेड बाहेरून आणता येत नाही, कागदच राखून ठेवावा लागतो. ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांमधून झिरपणारी लाली, चेहऱ्यावरचा ऊबदार उजेड, आणि बाकीचं सगळं, साडी, पार्श्वभूमी, मुद्दाम खाली दाबलेलं. हळदणकरांच्या हातात साडीची जरीन्‌जर काढण्याचं कसब होतं. त्यांनी ते दिव्यासाठी आवरलं. ते आवरणं बघणाऱ्यापर्यंत पोहोचतं, तो ते शब्दांत सांगू शकला नाही तरी.

आता वाड्याचं चित्र आणि मामांचे अश्रू. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग, म्हणून सावकाश लिहिते. मामा त्या वाड्यात वाढले. चित्रात त्यांना ओसरी दिसली, जिना दिसला, आईची हाक ऐकू आली असेल. हे मोठं आहे आणि ते तुमच्या हातून घडलंय, त्याला कमी लेखू नका. पण वाड्याचा चांगला फोटोही त्यांना रडवू शकला असता. नाशिककरांना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं चित्र दाखवा, पाणी त्याच्या छातीपर्यंत चढलेलं. लगेच कोणी २०१९चा पूर सांगेल, कोणी त्याच्या आधीचा, कोणी सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हाचा. नागपूरच्या माणसाला तेच चित्र दाखवा, त्याला पाण्यातली एक मूर्ती दिसेल. पहिल्याला जे झालं ते त्याच्या आठवणीमुळे. दुसऱ्यालाही छातीशी पाणी आल्यासारखं वाटलं तर ते चित्राचं काम.

आपल्या रसविचारात यावर फार खोल विचार झालाय. भरताने नाट्यशास्त्रात विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (तो दिसतो त्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असं सांगितलं. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगमंचावरचं दुःख नटाचंही राहत नाही, माझंही राहत नाही, माणसाचं होतं. अभिनवगुप्ताने ते अनुभवू शकणाऱ्याला सहृदय म्हटलं. हे नाटकाबद्दल बोललं गेलं असलं तरी आपल्या प्रश्नाला नेमकं लागू पडतं. मामांचं दुःख मामांचंच राहिलं. आता ज्याने तो वाडा कधी पाहिला नाही, कदाचित जो इमारतीच्या सातव्या मजल्यावर वाढलाय, त्याच्यापर्यंत ते न्यायचंय.

कसं? मी एकदा भद्रकालीकडच्या एका पडक्या वाड्याची भिंत रंगवली होती. त्यात फारसं काही नव्हतं, पोपडे आलेला चुना, एक खुंटी आणि कोनाडा. कोनाड्याच्या वरच्या बाजूला वर्षानुवर्षांच्या दिव्याची काजळी होती, ती तेवढी जपून काढली. दिवा काढला नाही. प्रदर्शनात एक मुलगी तिथे बराच वेळ उभी होती. परगावची, कॉलेजसाठी आलेली. ती म्हणाली, “इथे रोज कोणीतरी दिवा लावत होतं ना?” तिचा त्या वाड्याशी काही संबंध नव्हता. काजळीवरून तिने माणूस उभा केला. मी दिवा लावणाऱ्या बाईलाच तिथे बसवून रंगवलं असतं, तर मुलीला करायला काही उरलं नसतं. तुमच्या वाड्यात तुम्ही झोपाळा काढलाय, तुळस काढलीय, नऊवारीतली बाई काढलीय, दाराशी मांजरही. वाड्याच्या आठवणी म्हटलं की कोणालाही सुचतील अशाच या गोष्टी आहेत. त्या वाड्यात असं काय होतं जे दुसऱ्या वाड्यात नव्हतं? मामांना विचारा. ते कदाचित एखाद्या झिजलेल्या पायरीबद्दल सांगतील, किंवा कुठल्या खांबाला डोकं आपटायचं त्याबद्दल. त्यावर चित्र उभं करा आणि बाकीचं काढून टाका.

बघणाऱ्यांबद्दल तुमच्या मनात थोडी तक्रार आहे, लोक थांबत नाहीत म्हणून. लोक कुठेच फार थांबत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. जगातल्या नामांकित चित्रांपुढेही माणसं सरासरी २७ सेकंदांच्या आसपास उभी होती, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकली. त्यामुळे थांबण्याचा वेळ मोजू नका. डोळा कुठे गेला ते विचारा. आल्फ्रेड यार्बस या रशियन संशोधकाने १९६०च्या दशकात रशियन चित्रकार रेपिनच्या एका चित्रावर प्रयोग केला. हद्दपारीतून माणूस अचानक घरी परतलाय आणि घरचे दचकून बघताहेत, असं ते चित्र. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची हालचाल त्याने नोंदवली. सहज बघताना नजर पुन्हा पुन्हा चेहऱ्यांवर जात होती. त्याच माणसाला घरच्यांची परिस्थिती कशी असेल असं विचारलं की ती सामानावर आणि कपड्यांवर जायची, वय विचारलं की फक्त चेहऱ्यांवर. म्हणजे बघणाराही मनात प्रश्न घेऊन बघतो. चित्र त्याच्या मनात कुठला प्रश्न उभा करतं यावर तो काय पाहील ते ठरतं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात एक श्लोक आहे, त्याचा अर्थ असा: आचार्य रेषेची वाहवा करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि इतर लोकांना रंगांची समृद्धी. स्त्रियांबद्दलचं त्यातलं मत मला पटत नाही. पण एकाच चित्रापुढे चार माणसं चार चित्रं बघत असतात हे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी नोंदवून ठेवलंय, याचं मला फार कौतुक वाटतं. तेव्हा ‘कसं वाटलं?’ विचारू नका, त्याला ‘छान’ हेच उत्तर असतं. विचारा: आधी कुठे बघितलंत? यात किती वाजलेत? इथे आत्ता आवाज कसला येत असेल? आणि दोन दिवसांनी, चित्र समोर नसताना, त्यातलं काय आठवतंय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा. चित्रकलेतलं काही न कळणाऱ्या माणसांकडून मला सर्वांत कामाची उत्तरं मिळाली आहेत, कारण ती शब्द सजवत नाहीत.

जमलं तर एकदा फक्त बघायला अजिंठ्याला जा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभे राहा. त्याची नजर खाली झुकलेली आहे, तो तुमच्याकडे बघत नाही. म्हणूनच तुम्ही न अवघडता त्याच्या चेहऱ्याकडे हवा तितका वेळ बघू शकता, आणि हळूहळू आपणही तसेच शांत व्हायला लागतो. भुवईची एक कमान, पापणीची एक रेष. याहून कमीत करुणा दाखवलेली मी पाहिलेली नाही.

आता आजी. चारांत हे चित्र सरस आहे, आणि तुम्ही त्याच्याबद्दल पत्रात ‘अपूर्ण आहे’ म्हणून माफी मागितली आहे. चेहरा गुळगुळीत झालाय, तो बहुधा जुन्या फोटोवरून केलाय. हात मात्र समोर बसून काढलेत, हो ना? तांदूळ निवडताना बोटं जशी वाकतात तशीच वाकली आहेत, एक अंगठा चुकीच्या जागी सुरू करून पुन्हा दुरुस्त केलाय ती रेषही तशीच राहिलीय. ताटाचा काठ अर्धा सुटलाय. तिथे तुम्ही अडला होतात, ठरवत होतात, आणि मी त्याच जागी थांबले. ‘बटाटे खाणारे’बद्दल व्हॅन गॉगने भावाला लिहिलं होतं की ही माणसं जे हात ताटात घालताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन उकरली आहे हे दिसायला हवं. चेहऱ्यांना त्याने धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा रंग दिला. त्याचा चित्रकार मित्र फान रापार्ड याने त्यातल्या चुकांवर बोट ठेवून कडक टीका केली. आकृत्या बेढब आहेत हे खरंही आहे. पण चित्र आजही माणसाला जागीच उभं करतं. आजीच्या हातांना आता हात लावू नका. चेहरा पुसून पुन्हा करायचा असेल तर ती समोर बसलेली असताना करा, आणि तिला शांत बसा म्हणू नका, कामात असू द्या.

पुढच्या काही महिन्यांसाठी मी काय करायला सांगेन? स्थिरचित्र. भांडी बाजारातून एक जुना, घासलेला पितळेचा तांब्या आणा आणि खिडकीशी ठेवा. पितळ रंगवायला सोनेरी रंग लागत नाही, हे समजायला तो एक तांब्या पुरतो: उजेडाचा ठिपका जवळजवळ पांढरा, त्याच्या शेजारीच गर्द तपकिरी, एका कडेला खिडकीचं निळं आकाश, दुसरीकडे तुमच्या कपड्यांचा रंग. तोच तांब्या सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात काढा. कंटाळा येईल, आणि कंटाळ्यानंतरच दिसायला लागतं. बार्गचे जुने पाठ इंटरनेटवर सापडतात, त्यातले हातांचे निवडा. आठवड्यातून एकदा घाटावर. व्हिडिओ बंद करा असं म्हणत नाही, पण आधी स्वतः अडा, मग तेवढाच भाग शोधून पाहा. रविवारी सकाळी घाटावर चित्रं काढणारी मंडळी भेटतात, त्यांच्या शेजारी बसा आणि काम संपल्यावर सगळ्यांचे कागद पायरीवर एका ओळीत ठेवा. वर्गातली ती भिंत तुम्हाला तिथे मिळेल.

शैलीची काळजी करू नका. ती शोधून सापडत नाही, तुमच्या निवडी सारख्या एकाच दिशेने पडायला लागल्या की इतरांना ती दिसते.

सामानाबद्दल विचारलंत म्हणून: ब्रश आहेत ते पुरेत, पैसे कागदावर घाला. ३०० जीएसएमचा शंभर टक्के कॉटनचा कागद महाग पडतो, पण एक ताव कापून आठ तुकडे होतात. हलक्या कागदावर वॉश बिघडला तर चूक तुमची की कागदाची हेच कळत नाही, आणि शिकणाऱ्याला ते कळणं गरजेचं असतं. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, ॲक्रिलिक किंचित गडद होतो. दोन्ही आलटूनपालटून करताना तुमचा अंदाज त्यामुळे चुकतोय, सध्या एकच धरा. मी जलरंग सुचवीन. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो वाचायची सवय लावा. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमझन उजेडात उडतो, आजीच्या लुगड्याला तो वापरला असेल तर चित्र थेट उन्हात टांगू नका.

राहता राहिलं प्रदर्शन. कुसुमाग्रज स्मारकातल्या कलादालनात चित्रं लावावीत अशी तुमची इच्छा आहे, आणि ती रास्त आहे. पण या चार चित्रांनी नको. आजी एक, नव्याने केलेला वाडा एक, आणि घाटावरच्या पोस्टकार्डांतली तुम्हाला नव्हे, तर दोन दिवसांनी लोकांना आठवलेली डझनभर, एवढं जमलं की करा. पोस्टकार्डं लहान आहेत म्हणून संकोच नको. माणूस त्यांच्यासाठी जवळ येतो. काचेला कागद चिकटू नये म्हणून माउंट जाड घ्या, नाहीतर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. फ्रेम साधी ठेवा. द्राक्षबागेचं चित्र घरी राहू द्या. आणि वाड्याचं नवं चित्र सुरू कराल तेव्हा आधी मामांना घेऊन त्या जागेवर जा. वाडा पडला असला तरी त्यांना बोलू द्या, त्या दिवशी ब्रश काढू नका, फक्त वही न्या.